गुडघाभर पाणी

आमच्या गल्लीत नवीन माणूस आला की आधी आवाज येतो आणि मग माणूस आत येतो. आवाज कपाळाचा. चौकटीच्या वरच्या लाकडावर कपाळ आपटतं, "आई गं" होतं, आणि मग घरातून कोणीतरी ओरडतं, "वाका, वाका!" हे ओरडणं आपटल्यावरच सुचतं, आधी कधी कोणाला सुचलेलं मी ऐकलं नाही.

माझे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, आपल्या गल्लीसारखी नम्र माणसं शोधून सापडायची नाहीत. वाकल्याशिवाय कोणी कोणाच्या घरात जात नाही."

त्यांनी म्हणायलाच हवं. ही दारं बुटकी झाली ती त्यांच्यामुळे. म्हणजे दारं होती तेवढीच आहेत, भावजींनी खालची जमीन वर आणली. ते गवंडी. नदीकाठच्या या गल्लीतलं एकही घर असं नाही की ज्याची जमीन त्यांच्या थापीखालून गेली नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळा सोडून मिसरूड फुटायची वाट बघत बसले होते. अंगाने बुटके, पाय धनुष्यासारखे, पण हात असे की दोन विटा एका पंजात मावाव्यात. माझ्याकडे चहा मागताना म्हणायचे, "वहिनी, साखर भिंतीला लावायची नाहीये, चहात घाला." मी म्हणायची, "आधी कमवून आणा, मग गोड प्या." असं आमचं चालायचं. माझे मालक अबोल होते, घरातल्या दोघांचंही बोलणं या धाकट्याच्या वाट्याला आलेलं. मालक गेले, माझा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला लागला, भिंतीपलीकडून भावजींचा आवाज तेवढा राहिला. पूर्वी एकच असलेल्या आमच्या दोन घरांत अर्ध्या विटेची भिंत आहे. तिकडे कोणी शिंकलं तर इकडून मी "जपा" म्हणते.

नदी घरात आली की माणसं सामान वर टांगतात, पोरंबाळं घेऊन पुलाकडे पळतात. भावजी पळत नसत. पाणी घरात उभं असतानाच ते एकेकाच्या घरी जायचे आणि मधोमध उभे राहायचे. पाणी पायाला कुठे लागतं ते बघायचे. बाहेर येऊन पँटवरची ओली कड सगळ्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "गुडघाभर." पाणी उतरलं, गाळ ओढून झाला, की तेवढ्याच उंचीचा भराव. पडक्या भिंतींचं डबर, फुटक्या विटा, मुरूम, वरून सिमेंट. थापी फिरवून झाली की घरवाल्याला म्हणायचे, "घ्या. हेच पाणी पुन्हा आलं तर तुमचं बोटही भिजायचं नाही."

आणि ते खरं होतं. तेच पाणी पुन्हा आलंच नाही. दरवेळी दुसरं आलं, आणि तेही गुडघ्याशीच थांबलं. मग पुन्हा भराव.

गल्लीत माप म्हटलं की भावजींचा गुडघा. कोपऱ्यावरचा शिंपी ताडमाड उंच, त्याच्या आणि यांच्या गुडघ्यात वीतभराचा फरक. शिंपी म्हणायचा, "गवंडी, माझ्या घरात पोटरीएवढंच आहे हो." भावजी म्हणायचे, "तू कपडे मोज. पाणी मी मोजतो."

आता कोणी विचारेल, जमीन वर आणलीत तर छप्पर का नाही वर नेलं? आमची अख्खी रांग एका पत्र्याखाली आहे. एकाने वर जायचं म्हटलं तर सगळ्यांनी जायला हवं. सगळ्यांचं एकमत व्हायला आमच्या गल्लीत पूर यावा लागतो, आणि पूर आला की पत्र्याला पैसे कोणाकडे नसतात. तेव्हा पत्रा तिथेच राहिला आणि आम्ही त्याच्याकडे चढत गेलो. खिडकी जमिनीला टेकली, मांजर उडी न मारता बाहेर जायला लागलं. छताचा पंखा काढून टाकावा लागला, नाहीतर कपडे बदलताना बोटं गेली असती. त्याचा आकडा अजून आहे, त्याला भावजींच्या घरात औषधांची पिशवी टांगलेली असते.

ती पिशवी माझ्या जावेची. भावजींची बायको, आमची धाकटी. एका सकाळी कपडे पिळता पिळता खाली बसली आणि उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं जरा जड झालं, टोमणे मात्र शाबूत राहिले. त्यांची मुलगी लांब दिली आहे, तीही भाड्याच्या एका खोलीत, तिथे कोणाला नेणार? तेव्हा धाकटीचं सगळं भावजीच करतात. अंग पुसणं, कूस बदलणं, घास भरवणं. घास भरवताना हात गवंड्याचाच. ती म्हणते, "अहो, तोंड आहे, भोक नाही बुजवायचं."

तिला लुळेपणा आल्यावर पहिलं पाणी आलं तेव्हा मी, भावजी आणि शिंपी, तिघांनी तिची खाट उचलून विटांवर चढवली. पाणी खाटेच्या पट्ट्यांना लागलं. धाकटी वरून म्हणाली, "आता मला एक वल्हं द्या. डाव्या हाताने जाते मी पार समुद्रापर्यंत."

आम्ही हसलो. पण पाणी उतरल्यावर भावजी उंबऱ्यावर बसून राहिले, थापी हातात घेऊन. म्हणाले, "वहिनी, आणखी एक भराव घातला तर ही खाटेवर उठून बसू शकणार नाही. डोकं पत्र्याला लागेल. आणि नाही घातला तर पाणी खाटेवर येईल." मी म्हटलं, "चहा ठेवते." आमच्याकडे उत्तर नसलं की चहा असतो.

त्याच सुमारास गल्लीत बातमी आली की सरकारी ऑफिसची माणसं नदीकाठच्या सगळ्या घरांचा पुराचा धोका ठरवायला येणार आहेत. ज्या गल्लीला जास्त धोका, ती नकाशावर लाल. लाल गल्लीतल्या लोकांना वरच्या माळावर पक्क्या खोल्या. थोडा धोका असेल ती पिवळी. पिवळ्यांना सावध राहायला सांगणार. ते तर आम्ही जन्मल्यापासून राहतोय.

भावजी त्याच दिवशी माळावर जाऊन आले. बांधकाम चालू होतं. येऊन धाकटीच्या खाटेशी बसले आणि पोराने जत्रा बघून यावी तसे सांगायला लागले. "प्लास्टर पोकळ आहे, वाजवून बघितलं. फरशीला उतार उलटा दिलाय गाढवांनी. पण दार बघितलंस तर! दोन्ही हात वर करून आत गेलो. दोन्ही हात! संडास घरात आहे. तुला चाकाच्या खुर्चीवर बसवून दारातून थेट बाहेर काढीन, उन्हाला."

धाकटी म्हणाली, "पोकळ प्लास्टरच्या घरात येईन मी?"

"मी परत करून देईन गं."

"मग येते," ती म्हणाली, आणि डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. तिला त्या एका दारातून बाहेर न्यायचं, पुढचं पाणी यायच्या आत, एवढंच त्या माणसाच्या डोक्यात उरलं होतं. बाकी जगात काय चाललंय याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

धोका ठरवायला आली ती एक पोरगी. पाठीला पिशवी, हातात मोठा मोबाईल, चेहरा कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला. भावजींच्या दारात असं काही कपाळ आपटलं की भिंतीपलीकडे मला ऐकू आलं. मी थंड पाणी घेऊन धावले. तोवर भावजींनी तिचं बारसं केलं होतं. "बस, टेंगूळबाई, बस."

ती बिचारी हसली. कपाळावर ओला रुमाल धरून तिने विचारलं, "काका, मागच्या पुरात घरात पाणी कुठपर्यंत होतं?"

"गुडघाभर."

"त्याच्या आधीच्या?"

"गुडघाभर."

"आणि त्याच्याही आधी?"

भावजी ताठ बसले. "पोरी, हा माझ्या हातचा भराव आहे. या गल्लीत एकाही घरात गुडघ्याच्या वर पाणी गेलेलं नाही. जा, कोणालाही विचार."

तिने घरोघर विचारलं. शिंप्याने सांगितलं गुडघाभर. मलाही विचारलं, मीही तेच सांगितलं. सगळी गल्ली अशी बोलली की जणू एकाच मास्तरांनी पाठ करून घेतलं होतं. ती गेल्यावर भावजी खुशीत होते. कोणी इतक्या आस्थेने त्यांच्या कामाची चौकशी केली नव्हती कधी.

काही महिन्यांनी नकाशा लागला. आम्ही पिवळे. आमच्या मागची आळी लाल.

मागच्या आळीने कधी भराव घातला नाही. पाणी आलं की गाठोडं घेऊन पुलावर जायचे, उतरलं की परत यायचे. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. तेही खरंच होतं. त्यांची गाठोडी टेंपोत भरून माळावर गेली. आम्ही निरोप द्यायला उभे होतो. त्यातला एकजण टेंपोतून ओरडला, "गवंडी, भराव मस्त घातलात हो!"

भावजींच्या तोंडचं पाणी पळालं. घरात येऊन म्हणाले, "ज्यांनी काही केलं नाही त्यांना खोल्या. आणि आम्ही?"

"आपल्याला शाबासकी," धाकटी म्हणाली. "टांगा तिथे आकड्याला."

काही दिवसांनी ती पोरगी आपणहून परत आली. पुन्हा आपटली, त्याच जागी. "हे टेंगूळ आता कायमचं ठेव," भावजी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. ती खाली बसली नाही. म्हणाली, "काका, मला झोप येत नाहीये तुमच्या गल्लीवरून. पुलाच्या खांबावर पाण्याच्या उंचीच्या खुणा आहेत. दर पुराला पाणी आधीपेक्षा वर गेलंय. मागच्या आळीत चढत गेलं. मग नदी वाढतेय आणि तुमचा गुडघा तिथेच कसा?"

भावजी म्हणाले, "भराव."

ती कपाळ चोळत दाराकडे बघायला लागली. मग जमिनीला टेकलेल्या खिडकीकडे. मग पंख्याच्या आकड्याकडे. "काका, हे दार आधी केवढं होतं?"

"चांगलं पुरुषभर. वर हात नेला तर बोटं टेकायची."

"आणि आता?"

भावजी उठले. दारात जाऊन उभे राहिले. ते बुटके, तरी चौकट त्यांच्या छातीशी येत होती. इतकी वर्षं ते त्या दारातून वाकून जात होते, पण त्याच्यासमोर सरळ उभे राहिलेले मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. चौकटीवर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे जमीन वर आली, आणि..."

"आणि तिच्यावर पाणी," पोरगी हळूच म्हणाली. "गुडघा तेवढाच राहिला."

मग खाटेवरून धाकटी म्हणाली, "अहो, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही नदीला जिनाच बांधून देत होतात की!"

ती थट्टेने बोलली होती. तिला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

पोरगी म्हणाली, नुसत्या सांगण्यावरून नकाशा बदलता येणार नाही, सगळ्या गल्लीने आधी वेगळं सांगून ठेवलंय. साहेबांना डोळ्यांनी दिसायला हवं. भावजी म्हणाले, "दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छिन्नी आणि पहार घेतली आणि खाट नि चूल यांच्या मधोमध स्वतःची जमीन फोडायला घेतली. मी आवाज ऐकून धावले. म्हटलं, "भावजी, डोकं ठिकाणावर आहे का?" ते म्हणाले, "वहिनी, घमेलं धरा."

वरचा सिमेंटचा थर फुटला. त्याखाली डबर, त्यात कोणाची फुटकी कपबशी, एक चप्पल. चप्पल बघून धाकटी म्हणाली, "बघा ताई, मी म्हणत होते ना, दुसरी कुठे गेली! मला म्हणाले नदीने नेली." त्याखाली लाल फरशीचे तुकडे. त्याखाली उभ्या लावलेल्या विटांचा थर, धारदार कडांचा, तो फोडताना भावजींना दोन वेळा थांबावं लागलं. "कोणी लावल्यात एवढ्या घट्ट!" मी म्हटलं. "मीच," ते म्हणाले.

त्याच्याखाली निळी जमीन लागली. सिमेंटमध्ये नीळ कालवून घोटलेली, वर कंगव्याने ओढलेल्या लाटा. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी केली होती, आणि कंगवा माझा घेतला होता, न विचारता. मी विसरूनही गेले होते. भावजींनी ओल्या फडक्याने ती हातभर जागा पुसली. निळा रंग वर आला, जसाच्या तसा.

धाकटी म्हणाली, "मला दाखवा." आम्ही दोघांनी तिला कुशीवर वळवून खाटेच्या कडेला आणलं. ती खाली खड्ड्यात बघत राहिली. त्या जमिनीवरच तिने संसार मांडला होता. म्हणाली, "यावर मी घसरून पडले होते, आठवतं? तुम्ही म्हणालात, जमीन चांगली आहे, चालणारी वाईट आहे."

"म्हणालो असेन."

"फोडू नका ती."

पण सगळ्यात खालची दाखवायची तर ती फोडायला हवी होती. त्यांनी कोपऱ्यातला एक तुकडा आधी काढून धाकटीच्या उशाशी ठेवला, आणि मग पहार मारली.

अगदी खाली मातीची जमीन लागली. कडक, काळी. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं पाऊल टाकलं ती. भावजी तिच्यावर उभे होते आणि वरच्या जमिनीची कड त्यांच्या कमरेच्या वर, बरगड्यांशी येत होती. मी वर उभी होते. इतके दिवस मला वाटायचं, आले तेव्हापासून आम्ही एकाच घरात राहतोय.

पोरीने फोटो काढून नेले. निरोप आला, साहेब येतील, खड्डा बुजवू नका. साहेब यायला बरेच आठवडे लागले. तोवर खड्ड्यावर एक रुंद फळी टाकून आम्ही वावरायचो. चूल एका काठाला, खाट दुसऱ्या काठाला. भावजी म्हणायचे, "आता आपल्या घरातही नदी आहे आणि पूलही आहे."

साहेब आले, आपटले, आत आले. माणूस वाईट नव्हता. चांगले बूट घातलेले, तरी स्वतः खड्ड्यात उतरला, एकेका थरावर बोट ठेवून बघितलं. बाहेर येऊन भावजींना नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमची गल्ली लाल व्हायला हवी. काठावरची सगळ्यात लाल."

त्या दिवशी धाकटीने माझ्याकडून वेणी घालून घेतली. शिंप्याने सगळ्यांना चहा पाजला. आपल्याला सगळ्यात जास्त धोका आहे म्हणून एवढा आनंद झालेली माणसं मी दुसरीकडे बघितली नाहीत.

गल्ली लाल झाली. नकाशा बदलला. मग पोरगी आली, या वेळी वाकून आली, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. माळावरच्या खोल्या संपल्या होत्या. पहिली फेरी मागच्या आळीत वाटून झाली. दुसरी फेरी वरून मंजूर व्हायची होती. कधी, ते तिला माहीत नव्हतं. आणि लाल गल्लीत आता भराव घालायला बंदी. डागडुजी बंद, नवं काम बंद. कोणी भराव घातला तर त्याला इथेच राहायचंय असं धरतील आणि त्याचा हक्क जाईल.

"आणि हा खड्डा?" मी विचारलं.

"वरच्या ऑफिसची माणसं एकदा बघून खात्री करतील, काकू. तोवर असाच ठेवा."

भावजी फळीकडे बघत म्हणाले, "पोरी, तुझा काही दोष नाही." ती पायऱ्या उतरेपर्यंत डोळे पुसत होती.

त्यानंतर लोक यायचे. गवंडी, मोरीपाशी थोडा भराव घालून द्या. गवंडी, उंबरा तरी वर घ्या. ते म्हणायचे, बंद. शिंपी एकदा चिडून बोलला, "पिवळे होतो तेव्हा निदान हात तरी हलवता येत होते. कशाला उकरलंत?" भावजींनी ऐकून घेतलं. मी त्यांना कधी ऐकून घेताना बघितलं नव्हतं. त्यांची थापी दाराआड टांगलेली होती, तिच्यावर गंज धरायला लागला. त्यांनी फक्त धाकटीच्या खाटेखाली आणखी विटा रचल्या. विटा म्हणजे काही भराव नव्हे. आता ती आडवी पडल्या पडल्या डाव्या हाताने पत्र्याला हात लावू शकत होती. दुपारी पत्रा तापला की ओला कपडा तिच्या तोंडावर धरायचा, एवढंच काम मला वाढलं.

पाणी आलं ते लख्ख उन्हात. पाऊस वर डोंगरात कुठेतरी पडला होता, आमच्याकडे दोरीवर कपडे वाळत होते. जेवणं उरकलेली. आधी मोरीतून गुळगुळ आवाज आला, मग दारातून तपकिरी पाणी शिरलं आणि बघता बघता पोटरीला लागलं. भावजी ओरडले, "वहिनी, विटा द्या!" मी माझ्या घरातून दोन दोन विटा आणून देत होते, ते खाटेच्या पायांखाली सरकवत होते, शिंपी खाट उचलून धरत होता.

पाणी गुडघ्याला आलं. धाकटी वरून बघत होती, तिला सगळं दिसत होतं. ती ओरडली, "अहो, फळी!"

फळी उचलली गेली होती. खड्डा भरला आणि फळी तरंगत खाटेकडे सरकायला लागली. धाकटी सांगत होती खड्ड्याचं. भावजींना वाटलं, फळी खाटेवर आदळेल म्हणून ती घाबरली. ते वळले, फळी धरायला हात पुढे केला आणि एक पाऊल टाकलं.

पाणी सगळीकडे एकाच रंगाचं होतं.

ते हनुवटीपर्यंत आत गेले. मी आणि शिंप्याने काखेत हात घालून त्यांना ओढलं. ओरडले नाहीत, नुसता श्वास घेतला, असा की मला अजून ऐकू येतो. त्या उभ्या विटांच्या थराच्या धारेवर गुडघा आपटला होता. त्यांनीच घट्ट बसवलेल्या विटा. त्या हलल्या नाहीत, गुडघ्याची वाटी फुटली.

डॉक्टरांनी तुकडे तारेने जोडले. पाय आता वाकत नाही आणि भार घेत नाही. वय झालंय, म्हणाले, यापेक्षा जास्त होणार नाही. आणि वाकता न येणारा माणूस आमच्या दारातून आत जाऊ शकत नाही. त्यांना दवाखान्यातून आणलं तेव्हा लादी सरकवावी तसं आडवं करून आत सरकवावं लागलं. त्यांनीच शिंप्याला सांगितलं, "आधी डोकं, मग पाय. आणि चौकटीचा रंग खरवडू नकोस."

आता त्या घरात दोन खाटा आहेत, दोन्ही विटांवर. मधे खड्डा, त्याच्यावर फळी. वरच्या ऑफिसची माणसं अजून यायची आहेत. मी सकाळ-संध्याकाळ दोघांचं करते, जमेल तसं. माझ्या हातात आता पाण्याची कळशीही राहत नाही. शिंप्याच्या घरी त्याची म्हातारी आई आहे, पलीकडे तान्ही पोरं आहेत, पाणी आलं की प्रत्येकाला आपापलं उचलायचं असतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

परवा ती पोरगी येऊन गेली. तिची बदली झाली, आता दुसऱ्या कुठल्या नदीकाठी विचारणार आहे. दुसरी फेरी अजून मंजूर नाही. जाण्याआधी या पुराची नोंद तिनेच करायची होती. भावजींच्या खाटेशी बसली, मोबाईल काढला, पण विचारायला तिचं तोंड उघडेना.

भावजींनीच तिला सोडवलं. म्हणाले, "विचार की, टेंगूळ. पाणी कुठपर्यंत होतं म्हणून विचार. पण आता मला नाही सांगता यायचं. ज्याने मोजायचो तोच गेला."

ती गेल्यावर दोघं पत्र्याकडे बघत पडले होते. मी मधे फळीवर बसून औषधं वेगळी करत होते. वर डोंगराकडे ढग दिसताहेत असं शिंपी सकाळी सांगून गेला होता.

भावजी म्हणाले, "वहिनी, पाणी आलं की आधी हिला उचला. माझं नंतर बघू."

धाकटी म्हणाली, "ताई, ऐकू नका. आधी त्यांना. मी हलकी आहे, तरंगेन."

"तू हलकी? वहिनी, हिच्या बोलण्यात येऊ नका."

"आधी त्यांना, ताई."

"आधी हिला."

त्यांचं असं चाललं होतं, पुष्कळ वेळ, जणू मी दोघांपैकी कोणाला तरी उचलू शकणार होते. मी हो म्हटलं. दोघांनाही हो म्हटलं. मग उठले, अंगणातून दोन मोठे दगड एकेक करून लोटत आणले आणि फळीच्या दोन टोकांना ठेवले, पाण्याने तरंगू नये म्हणून.